ओहोळाचा सातबारा आपणच लिहायचा

सामूहिक वनहक्काचे दावे भरायचं काम पाड्यापाड्यावर चालू आहे. दाव्याच्या नमुन्यात एक रकाना आहे, मासे आणि पाणसाठे यांच्यावरच्या हक्काचा. सरपण, चराई, मोह, टेंभुर्णीचा पाला, डिंक, कंदमुळं यांची नावं माणसं भराभर सांगतात. पाण्याच्या रकान्याशी आलं की बहुतेक दाव्यांत एकच ओळ पडते, ‘गावकरी नदी-नाल्यात मासेमारी करतात’, आणि पान उलटतं.

एवढ्या ओळीने काय सिद्ध होतं? कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कोणता मासा, कोण पकडतं, कशाने पकडतं, किती पिढ्यांपासून पकडतं, यातलं काहीच तिच्यात नाही. उद्या उपविभागीय समितीत कुणी विचारलं, ‘पुरावा काय?’, तर ती ओळ गप्प बसेल. जमिनीला सातबारा असतो. त्यावर कुणाचं नाव, कोणतं पीक, किती क्षेत्र, हे सगळं लिहिलेलं असतं. ओहोळाला सातबारा नाही. तो आपणच लिहायचा, असं आमचं म्हणणं आहे.

म्हणजे काय, तर प्रत्येक ग्रामसभेने आपल्या हद्दीतल्या ओहोळाचा, नदीचा आणि त्यातल्या जिवांचा स्वतः अभ्यास करायचा. तो वहीत लिहायचा. त्या वहीवरून दावा भरायचा आणि त्याच वहीवरून आपले नियमही ठरवायचे. हे काम शाळा-कॉलेजवाल्यांचं आहे, आपलं नाही, असं पुष्कळांना वाटतं. ते तसं का नाही, हे आम्ही खाली मांडतो.

कायदा काय म्हणतो

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांची यादी आहे. तिच्यात मासे आणि पाणसाठ्यांतलं इतर उत्पन्न हे शब्द सरळ आलेले आहेत. म्हणजे ओहोळातला खेकडा, शिंपला, झिंगा, मासा यांच्यावरचा हक्क कुणी मेहरबानी म्हणून देणार नाही. तो कायद्यात लिहिलेला आहे, मान्य करून घ्यायचा बाकी आहे.

१ जानेवारी २००८ ला या कायद्याचे नियम आले. त्यातला नियम १३ पुराव्याचा. सामूहिक हक्कासाठी काय काय पुरावा चालतो ते तिथे दिलं आहे. त्यात पारंपरिक चराईच्या जागा आहेत, कंदमुळं गोळा करायच्या जागा आहेत, तशाच मासेमारीच्या जागा आहेत, माणसांच्या आणि गुरांच्या पाण्याच्या जागा आहेत. शिवाय दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरला जातो. म्हाताऱ्या आजीने सांगितलं की अमक्या कोंडात मरळ मिळायचा, तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून पाडा तिथे मासे धरतो, आणि ते तिच्या अंगठ्यासह कागदावर आलं, तर तो पुरावा झाला. फक्त ते लिहून घ्यायला कुणीतरी आजीपाशी बसलं पाहिजे.

कलम ५ त्याहून महत्त्वाचं आहे. जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता सांभाळायचा अधिकार ते ग्रामसभेला देतं. पाणलोटाचं क्षेत्र आणि पाण्याच्या जागा नीट राखल्या जातात की नाही हे बघायचा अधिकारही देतं. अधिकार आला तिथे जबाबदारी आली. ओहोळात काय आहे हेच ठाऊक नसेल, तर राखणार काय?

ओहोळात राहतं कोण

ओहोळ म्हटला की मासा आणि खेकडा आठवतो. पण मासा हवेवर जगत नाही. वाहत्या ठिकाणचा एक दगड हळूच उचलून उलटा करा. त्याच्या खालच्या अंगाला चपटे किडे चिकटलेले दिसतील. कुणाच्या शेपटीला तीन केस असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले हलत असतात. कुणाला दोनच शेपट्या असतात. कुणी वाळूचे खडे नाहीतर पानांचे तुकडे चिकटवून नळीसारखं घर केलेलं असतं आणि आत अळी बसलेली असते. ही सगळी पुढे पंख फुटून उडून जाणाऱ्या किड्यांची पोरं. चतुराची पोरंही अशीच पाण्यात वाढतात आणि तिथे डासाच्या अळ्या खातात.

हे किडे खातात काय? जंगलातल्या ओहोळावर झाडांची सावली असते. ऊन पोचत नाही, म्हणून पाण्यात शेवाळ फार वाढत नाही. तिथलं अन्न वरून पडतं. करंज, जांभूळ, उंबर, ऐन यांचा पाला ओहोळात पडतो, कुजू लागतो, त्यावर बुरशी चढते. मग काही किडे तो पाला कुरतडतात. त्यांचा चुरा पाण्याबरोबर खाली वाहतो, तो दुसरे किडे गाळून खातात. त्या किड्यांना मासा खातो, माशाला आपण खातो, बगळा खातो, पाणमांजर खातं. खाली नदी रुंद झाली, ऊन पडायला लागलं, की शेवाळ वाढतं आणि दगड खरवडून खाणारे जीव येतात. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीतल्या जिवांची वस्ती अशी पायरीपायरीने बदलत जाते, ही मांडणी अमेरिकेतल्या नदी-अभ्यासकांनी १९८० साली केली. त्याआधी १९७५ साली हाइन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने सांगितलं होतं की ओहोळ समजायचा तर त्याचं खोरं समजलं पाहिजे, कारण ओहोळावर खोऱ्याचंच राज्य चालतं.

आपल्याला हे नवीन नाही. डोंगर बोडका झाला की ओहोळ आटतो हे पाड्यातलं पोरही सांगेल. पण दाव्याच्या कामात याचा अर्थ मोठा आहे. काठावरची झाडं तोडली तर माशाचं अन्न तुटतं. वरच्या अंगाला कूप तोडला किंवा रस्ता खोदला की पहिल्या पावसात माती खाली येते, दगडांमधल्या फटी बुजतात, तिथली अंडी आणि किडे गुदमरतात. म्हणून जंगलाचा हक्क आणि पाण्याचा हक्क वेगळे मागून चालणार नाही. नकाशावर ओहोळाची रेघ काढताना त्याच्या दोन्ही काठांचं आणि उगमाचं जंगलही आपल्या हद्दीत घेतलेलं पाहिजे.

मासा कमी का झाला

‘पूर्वीसारखा मासा राहिला नाही’, हे प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. कारण विचारलं की एकाच गोष्टीकडे बोट जातं, कुणी धरणाकडे, कुणी पोरांकडे. अभ्यास केला की कारणं वेगवेगळी काढता येतात आणि कोणत्या कारणावर आपला हात चालतो तेही कळतं.

पहिली गोष्ट वलगणीची. मिरगाच्या पहिल्या जोराच्या पावसात ओहोळ भरतात आणि पोटात अंडी घेतलेले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. नदीतून ओहोळात, ओहोळातून खाचरात. उथळ, नवीन, कोमट पाण्यात ते अंडी सोडतात. एकेका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. वलगणीचे मासे धरायला सगळा पाडा जातो, तो आपला सण आहे, आणि तो बंद करा असं आम्ही म्हणत नाही. पण ओहोळाचं तोंड एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाळ्याने बंद केलं तर एकही मादी वर जात नाही. पूर्वी सापळे बांबूचे होते, माणसं कमी होती, बाजूने वाट राहत होती. आता बारीक भोकाचं नायलॉनचं जाळं स्वस्त झालं आहे. त्यातून बोटाएवढं पोरही सुटत नाही.

दुसरी गोष्ट डोहाची. होळीनंतर ओहोळ तुटतो, पाणी डोहाडोहांत राहतं. वरून खालपर्यंतचे सगळे मासे त्या चार-दोन डोहांत गोळा झालेले असतात. पुढच्या पावसात अख्खा ओहोळ पुन्हा भरायचा तो त्यांच्याच पोरांनी. आपण कणगीतलं बियाण्याचं भात वेगळं ठेवतो, घरात कितीही तंगी आली तरी ते कांडत नाही. उन्हाळ्यातला डोह म्हणजे ओहोळाची बियाण्याची कणगी आहे.

आणि नेमक्या त्याच डोहात आता ब्लिचिंग पावडर पडते. कुठे शेतीचं औषध ओततात, कुठे सुरुंगाची कांडी फोडतात, कुठे बॅटरीचा करंट सोडतात. आपले वाडवडीलही मासे धरायला रामेठा वापरायचे, गेळ्याची फळं वापरायचे, कुंभ्याची साल कुटून टाकायचे. कुणी म्हणतं, मग ब्लिचिंगने काय बिघडलं? बिघडलं ते असं. झाडपाल्याने मासा गुंगतो, वर येतो, थोड्या दिवसांत त्याचा जोर जातो. ते काम वर्षातून एखाद्या वेळी, सगळ्यांनी मिळून, ठरवून व्हायचं. ब्लिचिंगमधला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि त्याबरोबर दगडाखालचा किडा, खेकड्याचं पोर, बेडकाची पोरं, सगळं मारतो. पोटाला घ्यायचे ते चार मोठे मासे घेतले जातात, बाकीचे तिथेच कुजतात. तेच पाणी गुरं पितात आणि बायका झऱ्यातून भरतात. आज डोह लहान आणि कमी राहिले असताना झाडपालासुद्धा विचार करूनच वापरला पाहिजे. ब्लिचिंगला आणि शेतीच्या औषधाला तर जागाच नाही.

तिसरी गोष्ट अडवलेल्या पाण्याची. अहिर नावाचा सापासारखा लांब, गुळगुळीत मासा आपल्या नद्यांत वाढतो, पण अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्याची पोरं समुद्रातून वर येतात. वाटेत भिंत आली की त्याचा वंश तिथे थांबतो. मुंबईच्या पाण्यासाठी तानसा धरण १८९२ साली झालं, वैतरणेवरचं मोडकसागर १९५७ साली झालं. गारगाई आणि पिंजाळ या नद्यांवरही मुंबईसाठी धरणं सुचवलेली आहेत. आधीच्या धरणांत बुडालेल्या डोहांची नावं आज किती जणांना आठवतात? लहान सिमेंटचा बंधारासुद्धा माशाची चढण अडवतो. यंत्राने नाला सरळ आणि सपाट केला की डोहच उरत नाही. या गोष्टी एकट्या पाड्याच्या हातात नाहीत, पण त्यावर बोलायला आपल्यापाशी लिहिलेलं काही पाहिजे.

कारण कोणताही प्रकल्प आला की पाहणीचा अहवाल तयार होतो. पाहणीवाले गाडीतून येतात, पुलाजवळ उतरतात, थोडं पाणी बाटलीत भरतात. भर उन्हाळ्यात आले तर ओहोळ कोरडा दिसतो आणि कागदावर तसंच येतं. ३ ऑगस्ट २००९ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं आहे, जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती घ्या म्हणून. त्या ग्रामसभेत आपण नुसतं ‘नाही’ म्हणायचं, की ‘हे बघा, आमच्या ओहोळात इतके डोह आहेत, इतक्या जातींचे मासे आहेत, इतकी घरं त्यावर जगतात’ असं म्हणून वही पुढे ठेवायची? दोन्ही नकारच आहेत. दुसरा खोडून काढणं अवघड आहे.

माहिती आपली, पुस्तक दुसऱ्याचं

अभ्यास म्हणजे इंग्रजी नावं, असा एक धाक असतो. त्या नावांची एक गोष्ट सांगतो. कंपनी सरकारच्या काळात साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी घाटावर होता. भीमेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन त्याने लिहिलं आणि ते १८३९ साली शास्त्रात नोंदलं गेलं. त्याने जी शास्त्रीय नावं दिली ती बघा. एकाचं नाव मुल्या, एकाचं सींगटी, एकाचं मूरे, एकाचं खुद्री. म्हणजे आपला मळ्या, शिंगटी, मुरी! हनुवटीखालच्या चकतीने दगडाला चिकटणारा मळ्या आजही जगभर ‘गारा मुल्या’ नावानेच ओळखला जातो. ती नावं त्याला नदीकाठच्या माणसांनी सांगितली असणार, दुसरी यायची कुठून? मासा धरून दाखवणाऱ्याचं नाव मात्र त्या शास्त्रीय नावात कुठेच नाही. नावापुढे साइक्स आणि १८३९ एवढंच लागतं.

शास्त्र आपल्या माणसांच्या जिभेवर होतं, पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलं. आता वही आपल्या हातात ठेवायची. मळ्याला मळ्याच लिहा. एकाच माशाला वारली पाड्यात एक नाव आणि कातकरी वाडीत दुसरं असेल तर दोन्ही लिहा. इंग्रजी नाव नंतर कुणी जाणकार आला की जोडून घेता येईल. ते नसलं म्हणून अभ्यास अडत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हेच केलं. तिथे गावाचे अभ्यास गट आहेत, बाहेरच्या जाणकारांनाही ते चर्चेला बोलावतात, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने होतो. २००९ साली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत मेंढ्याचं नाव आहे. आधी अभ्यासाची सवय होती, मग हक्क आला. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

करायचं काय

खर्च काहीच नाही. एक शंभर पानी वही, एक पेन, पांढरी थाळी, पिठाची चाळण, खुणा केलेली एक काठी.

आधी उगमापासून संगमापर्यंत चालत जा. बरोबर दोन म्हातारी माणसं, दोन बाया आणि शाळेतली पोरं असू द्या. प्रत्येक डोहाचं, कोंडाचं, धबधब्याचं, झऱ्याचं नाव लिहा. नावामागची गोष्ट असेल तर तीही लिहा. कोणत्या डोहात पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, पूर्वी कधीपर्यंत टिकायचं, हे विचारा. काठीने खोली मोजा. परत आल्यावर अंगणात नकाशा काढा आणि मग कागदावर उतरवा.

मग माशांची यादी. आज मिळणारे, क्वचित मिळणारे आणि आता अजिबात न मिळणारे, असे तीन रकाने करा. पुरुषांना विचारलं तर पाग, गळ आणि मोठा मासा सांगतील. बायांना वेगळं विचारा. चाळणीने, ओच्याने धरायचे बारीक मासे, झिंगे, खेकडे, शिंपले यांची माहिती त्यांच्याकडे जास्त असते. मरळ आपल्या तांबड्या पोरांचा थवा राखत फिरतो, त्या वेळी आई-बापांना धरलं की पोरं दुसरे मासे खाऊन टाकतात. खेकड्याची मादी अंडी आणि पोरं पोटाखालच्या झाकणात वागवते. अशा गोष्टी कोणत्या महिन्यात दिसतात तेही लिहा. नियम करताना हाच तपशील कामाला येतो.

तिसरं काम दगडाखालच्या किड्यांचं. पाड्याच्या वरच्या बाजूला एक, पाड्यापाशी एक आणि खालच्या बाजूला एक, अशा तीन जागा ठरवा. प्रत्येक ठिकाणी वाहत्या पाण्यातले दहा दगड उलटून किडे पाणी घातलेल्या थाळीत घ्या, मोजा आणि परत सोडा. दगड होता तसा ठेवा. तीन शेपट्यांचे, दोन शेपट्यांचे आणि घर करणारे किडे भरपूर असतील तर पाणी स्वच्छ आहे, त्यात हवा भरपूर आहे. ते नाहीसे झाले आणि चिखलातल्या लाल अळ्याच उरल्या, तर पाणी बिघडलं. त्या अळ्यांच्या रक्तात आपल्यासारखाच लाल रंग असतो, म्हणून कमी हवेतही त्या तगतात. बाटलीतलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. किडा तिथे महिनोन्‌महिने राहिलेला असतो, म्हणून मधल्या काळात कुणी काय ओतलं ते त्याच्यावरून कळतं.

चौथं, वाहणारं पाणी मोजा. सरळ वाहणारी दहा मीटरची जागा घ्या. वाळकी काडी सोडा आणि किती सेकंदांत पार होते ते बघा. समजा वीस सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. ओहोळ दोन मीटर रुंद आणि सरासरी पंधरा सेंटिमीटर खोल असेल तर दोन गुणिले ०.१५ गुणिले ०.५, म्हणजे ०.१५ घनमीटर, अर्थात १५० लिटर. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू चालतं, म्हणून त्याचे चार-पंचमांश धरा. सेकंदाला सुमारे १२० लिटर झाले. हे गणित सातवीतली पोरगी करते. दर महिन्याला एकाच जागी मोजलं की दोन-तीन वर्षांत ओहोळ लवकर आटतोय की नाही हे आकड्यात सांगता येतं.

दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीला जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून मोठी पाहणी वर्षातून दोनदाच ठेवा. एक दिवाळीच्या आधी, माणसं घरी असताना. दुसरी उन्हाळ्यात, भट्टीवरून परतल्यावर आणि पाऊस लागायच्या आत. मधल्या महिन्यांत घरी राहणारी म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं काडी सोडून पाणी मोजू शकतात. प्रत्येक नोंदीखाली तारीख, जागा आणि मोजणाऱ्यांची नावं पाहिजेत. कोरडं दिसलं तर ‘कोरडं’ लिहा. आपल्याला सोयीचं तेवढंच लिहिलं तर वहीवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

शंका रास्त आहेत

काही कार्यकर्ते म्हणतात, आपण मासे कमी झाल्याचं लिहिलं तर वनखातं तेच आपल्यावर उलटवेल, ‘बघा, आदिवासींनीच मासे संपवले’ म्हणेल. ही भीती खोटी नाही. पण वहीत धरण, कूप, गाळ, बंधारा यांच्या नोंदीही तारखेसह असतील. आणि लिहिलं नाही म्हणून आरोप थांबतात असं कधी झालेलं नाही. वही ग्रामसभेची. ती कुणाला दाखवायची, कुठलं पान द्यायचं, हे ग्रामसभाच ठरवेल. जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे, हेही कलम ३ मध्येच लिहिलेलं आहे.

दुसरी शंका जास्त कठीण आहे. डोह राखायचा ठरला तर उपाशी कोण राहणार? ज्यांना शेत आहे ते डोह राखा म्हणतील. कातकरी वाडीतल्या ज्या घरांना जमीनच नाही, जे मासा विकून मीठ-मिरची आणतात, त्यांची चूल त्या दिवशी बंद होईल. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की त्या घरांशिवाय पाण्याचा कोणताही नियम होऊ नये. ओहोळ सगळ्यात जास्त तेच ओळखतात. अभ्यास गटात ते पुढे पाहिजेत आणि नियम बनवताना त्यांचा शब्द आधी ऐकला पाहिजे. कमी डोह राखा, पण सगळ्यांच्या संमतीने राखा. दंडाच्या धाकाने राखलेला डोह रात्री लुटला जातो.

डोह राखणं आपल्याकडे नवीन नाही. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहात देवाचे म्हणून मोठे मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. रायगड जिल्ह्यात महाडकडे वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे आहेत. तिथे पहारा देवाचा आहे. आपल्या ओहोळात तो ग्रामसभेचा असू शकतो.

ग्रामसभेपुढे ठेवायचे ठराव

आमची सूचना अशी की येत्या ग्रामसभेत हे चार ठराव चर्चेला घ्यावेत. एक, ब्लिचिंग, शेतीचं औषध, सुरुंग आणि करंट यांनी मासे मारणं आपल्या हद्दीत बंद. दोन, होळीपासून पावसापर्यंत निदान एक खोल डोह बियाण्यासाठी राखायचा, तो कोणता ते अभ्यास गटाने सुचवायचं. तीन, वलगणीत ओहोळाचं पूर्ण तोंड कुणी बांधायचं नाही, एका काठाने माशाला वाट सोडायची. चार, ओहोळाची वही वनहक्क समितीच्या कागदांबरोबर ठेवायची आणि तिची नक्कल दाव्याला पुरावा म्हणून जोडायची.

ओहोळ दोन-तीन गावांच्या हद्दीतून वाहतो. वरच्या गावाने डोह राखला आणि खालच्याने ओहोळाचं तोंड बांधलं तर काही उपयोग नाही. म्हणून एका ओहोळावरच्या गावांनी मिळून बसावं, तीच काठी आणि तीच रीत वापरावी. एका खोऱ्यातल्या पाच गावांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर त्या कोणत्याही अहवालापुढे टिकतील.

आपली घोषणा जल, जंगल, जमीन अशी आहे. जल तिच्यात पहिलं येतं. दाव्यातही त्याला एका ओळीऐवजी पूर्ण वही मिळू द्या. यंदाच्या मिरगाआधी डोह अजून भरलेला नसताना काठी घेऊन उतरा, कारण कणगीत किती बियाणं शिल्लक आहे ते तेव्हाच दिसतं. ज्या गावांची वही सुरू होईल त्यांनी डोहांची आणि माशांची नावं आम्हाला कळवावीत. ग्रामसभेची परवानगी असेल तेवढी आम्ही पुढच्या अंकापासून छापत जाऊ.